बाबल्याचा मज्जारज्जू

८ जुलै १९८५, सोमवार

ही वही फुकट मिळाली म्हणून लिहितोय. सरकारी दवाखान्यातल्या घोरपडे डॉक्टरीणबाईंनी दोन वह्या दिल्या. एक त्यांच्या कामाची. दुसरीबद्दल म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, हिच्यात तुम्हाला काय लिहायचं ते लिहा की." पहिलीवर मी मोठ्या अक्षरात 'मेंदू व पाठीचा कणा : रोगांची नावे आणि त्यांचे अर्थ' असं घातलंय. हिच्यावर काहीच घातलं नाही. राहीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचता येत नाही, पण वही नुसती दिसली तरी तिला पुरते.

प्रकरण असं झालं. गेल्या महिन्यात सोनूबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा. डॉक्टरीणबाईंनी तिच्या लेकाला, केरूला, वीस मिनिटं समजावलं. केरू 'हो बाई, हो बाई' करत बाहेर आला आणि मला म्हणतो, "काका, आयेला वेड लागलंय. बाई म्हणते, मुंबईला डोक्याच्या डॉक्टरकडं न्या." मी आत जाऊन बाईंना नीट विचारून घेतलं आणि बाहेर येऊन केरूला सांगितलं, "अरे मेल्या, मेंदूला रक्त नेणारी नळी चोंदली. ज्या भागाचं रक्त तुटलं, त्या भागाचं काम बंद पडलं. तुझी आय शहाणीच हाय, तुझ्यापेक्षा तर हायच." दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन मुंबईला गेला.

बाईंनी ते ऐकलं आणि मला धरलंच. त्या कोल्हापूरकडच्या. हर्ण्याला येऊन चार महिने झाले. त्यांचं बोलणं आमच्या लोकांना कळत नाही आणि आमचं त्यांना. म्हणाल्या, मी पुस्तकातलं सांगते, तुम्ही लोकांना कळेल असं लिहून द्या. मी चोपन्न वर्षांचा, सातवी पास, तीही जुनी. तीस वर्षं बोटीवर काढली, आता किनाऱ्यावर जाळी शिवतो. नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं.

११ जुलै

पावसाळा म्हणजे बोटी वर ओढलेल्या आणि आम्ही खोपीत. महिपतचं मोठं जाळं घेतलंय. महिपत म्हणजे राहीचा भाऊ, बोटवाला. दुरुस्तीला मी आणि बाबल्या. बाबल्या कोण म्हणून विचाराल तर बाबल्या म्हणजे बाबल्याच. माझ्याच वयाचा, एका बोटीवर एका ताटात जेवलेला. थोडी घेतो. थोडी हा त्याचा शब्द.

तो जाळ्याच्या एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने, मधे भेटायचं. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचं आणि सुईने गाठ मारायची. नायलॉन हरामखोर असतं, गाठ कचकन ओढली नाही तर ती सरकते. हर्ण्यात माझ्यासारखी गाठ कोणाची नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

आज बाबल्याला पहिला शब्द ऐकवला. मज्जारज्जू. तो म्हणाला, "हे काय, आरतीतलं हाय काय?" मी सांगितलं, मेंदूतून निघालेला दोर, कण्याच्या पोकळीतून खाली जातो, आणि हातापायाला जे हुकूम सुटतात ते सगळे त्याच्यातून. बाबल्याने हातातली गाठ ओढली. मग म्हणाला, "मग माज्या घरातले हुकूम कशातून येतात रे? ते तर बायकोच्या तोंडातून येतात."

१९ जुलै

चांगला दिवस. फीट हा शब्द पुरा केला. मेंदूत एकदम वादळ उठतं आणि अंग झटके देतं. भूत नाही, देवी नाही. बाई म्हणाल्या, नाकाला चप्पल लावू नका हे ठळक लिहा. मी ठळक लिहिलं आणि खाली आपल्या मनाने 'कांदाही नको' असं घातलं. बाई खूष झाल्या.

चहा सांडला त्यांच्या टेबलावर. दवाखान्यातल्या कपांचे कान फार बारीक.

२६ जुलै

मणक्यांमधली चकती सरकते त्याला बाई 'चकती सरकणे' म्हणायच्या. मी म्हटलं, बाई, चकती म्हटलं की आमचे लोक भाकरीकडे बघतील. दोन मणक्यांच्या मधे रबराचा वायसर असतो म्हणा. तो फुगून बाहेर आला की शेजारची नस दाबतो आणि पायात कळ जाते. इंजिनवर काम केलेल्या प्रत्येक माणसाला कळेल. बाईंनी ताबडतोब एका तांडेलावर वायसर वापरून बघितला. तो म्हणाला, "मग नवा कधी टाकताय?" एवढं एक सोडलं तर शब्द बरोबर लागला.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातून खोपीत परत आलो तर बाबल्या माझ्या टोकाला बसलेला! माझ्या गाठींत हात घालून. मी म्हटलं, "काय रे, वाट चुकलास?" तर म्हणतो, "उजेड हिकडं बरा हाय." छपराला एकच भोक आहे आणि ते त्याच्या टोकाला आहे.

३ ऑगस्ट

दवाखान्याच्या विजेत बिघाड आहे. टेबलाशी बसून मान खाली घालून लिहायला लागलं की पाठीतून सर्रकन झटका जातो, पार पायापर्यंत. पोफळीला कोयनेच्या पाण्यावर एवढी वीज करतात आणि ती सगळी माझ्या पाठीत सोडतात. बाईंना बोललो नाही, त्यांच्यामागे पेशंट होते. कंपाउंडरला म्हटलं, वायरमन बोलव. तो म्हणाला, टेबलाला वायरच नाही. सरकारी माणूस दुसरं काय म्हणणार!

राहीवर ओरडलो. सदऱ्याची काजं इतकी लहान केलीत की बटण जाता जात नाही. ती म्हणाली, "अवो, सदरा दोन वर्सांचा हाय. काजं काय रोज आकसतात?" मग तिनेच बटणं लावली आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला बरं वाटत नाही.

१२ ऑगस्ट

मेंदूज्वर लिहिला. मेंदूवरच्या पापुद्र्यांना सूज. ताप, मान ताठ, उजेड सोसत नाही. त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.

बाबल्या आज पुन्हा माझ्या टोकाला सापडला. तिसरी वेळ. मी रागाने म्हटलं, माझ्या कामात हात घालायचा नाही. तो म्हणाला, "बरं." नुसतं बरं. तीस वर्षांत या माणसाने माझं एकदाही एका शब्दात ऐकलं नव्हतं. मी वरमलोच, पण दाखवलं नाही.

२१ ऑगस्ट

बाबल्या बुरोंडीला गेला. लेक बाळंत झाली, मुलगा झाला. चार दिवस येणार नाही. बरंच झालं, माझ्या भागाची शेवटची, पोटाकडची जोडणी कोणाची लुडबुड न होता होईल. जाताना मला म्हणाला, "गुणाजी, मी येईपर्यंत थांबशील काय?" मी म्हटलं, नारळीपौर्णिमा तोंडावर आली आणि थांबू कशाला?

एकट्याला काम जरा जड गेलं. अंगठ्यातून जाळं सुटत होतं. नख वाढलंय.

३० ऑगस्ट, शुक्रवार

नारळीपौर्णिमा. समुद्राला नारळ दिला. धक्क्याच्या फळीवर माझा पाय जरा लटपटला, पण चप्पलच तशी आहे, गुळगुळीत झालीय. महिपतने हात धरला. त्याचं जाळं बोटीवर चढलं तेव्हा छाती भरून आली.

४ सप्टेंबर

घात झाला. महिपतच्या जाळ्यात मासळी भरली आणि ओढताना पोटाकडच्या भागाच्या गाठीच्या गाठी सरकल्या. वावभर भगदाड, माणूस आत शिरेल एवढं. सगळी मासळी परत समुद्रात. महिपत धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे कोणाच्या हातचं काम?"

मी रागाने लाल झालो. माझी गाठ मला माहीत नाही? माझ्या टोकाला कोण बसत होतं? कोणाचा हात चोरून फिरत होता? मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, "याला विचारा. पिऊन बसतो आणि माझ्या गाठी सैल करतो."

बाबल्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून फाटलेलं जाळं गोळा करायला लागला. महिपतने त्याला जाळ्याच्या कामावरून काढलं. आता तो बायकांबरोबर सुकी मासळी उलथीपालथी करतो.

मी जिंकलो म्हणायचं. जेवण गेलं नाही.

९ सप्टेंबर

आज बाईंनी जो शब्द दिला त्याने माझे डोळे उघडले. मायलोपॅथी. मानेतले मणके झिजतात, हाड वाढतं आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. बोटांचं बारीक काम जमेनासं होतं, हातातून वस्तू पडतात, चालताना तोल जातो. दुखत फारसं नाही म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही. वेळेत सोडवलं नाही तर हातपाय कायमचे जातात. बाई म्हणाल्या, "लोक काय करतात सांगू का? दुसऱ्याच कशालातरी नावं ठेवत बसतात." मी म्हटलं, असतात बाई असे लोक.

घरी येताना वाटेतच लख्ख झालं. बाबल्या! तो पिऊन झोकांड्या खातो असं मी समजत होतो. तो पिऊन नव्हताच! त्याचा मज्जारज्जू दाबला गेलाय! गाठ त्याच्या हातून बसत नाही, म्हणून बिचारा माझ्या टोकाला येऊन माझ्या गाठी बघून शिकत असेल. आणि मी त्याला धक्क्यावर काय काय बोललो!

एक क्षण दुसरंच मनात आलं. बटणं वगैरे. पण बटणाचं कारण मला माहीत आहे. राहीला सांगितलं, बाबल्याला आजार आहे, मी त्याला दवाखान्यात नेणार. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "न्या, न्या. उद्याच न्या." आणि पदर डोळ्याला लावला. बाबल्याबद्दल तिला इतकी माया आहे हे मला माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर

तीन दिवस बाबल्याच्या मागे आहे. पहिल्या दिवशी त्याने मला मासळीच्या चटईवरून हाकललं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सबंध आजार समजावून सांगितला, मानेपासून पायापर्यंत. तो ऐकताना खाली बघत होता. आज राही त्याच्याशी काही बोलून आली आणि लगेच तो कबूल झाला. म्हणाला, "येतो. पण तू आत यायचंस. बाई जे सांगतील ते आधी तू करून दाखवायचं. मला एकट्याला जमायचं नाय." भोळा माणूस आहे. मी म्हटलं, अरे, तुझ्यासाठी काहीही.

१४ सप्टेंबर, शनिवार

लिहायला वेळ लागतोय. तरी लिहितो.

बाईंसमोर बाबल्या बसला, बाजूला मी. मी बाईंना आधीच सांगितलं, केस सरळ आहे, मायलोपॅथी. बाई म्हणाल्या, "बघूया की. हात पुढं करा. मूठ उघडा, मिटा, जमेल तितक्या जोरात. मी दहा सेकंद मोजते." बाबल्या म्हणाला, "आधी गुणाजी."

मी बाह्या सारल्या. शिकवायचंच तर नीट शिकवावं. सुरू केलं. मूठ मिटली की उघडायला मागेना. बोटं एकामागून एक, खेकडा बिळातून येतो तशी येत होती. मी म्हटलं, बाह्या आवळतात. बाई म्हणाल्या, अकरा. मग बाबल्याने केलं. फडफड फडफड. चोवीस.

 बाईंनी हातोडी घेतली आणि माझ्या गुडघ्यावर नुसती टेकवली. माझा पाय असा उडाला की खालची बादली दारापर्यंत गेली. एरवी मी हसलो असतो. मग त्या म्हणाल्या, मान खाली घाला. घातली. सर्रकन झटका गेला पाठीतून. मी म्हटलं, बाई, हीच ती तुमची वीज, कंपाउंडरला कधीचं सांगतोय.

बाई म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, सकाळपासनं लाईट नाही."

वर बघितलं. पंखा बंद होता.

बाबल्या उठून बादली उचलून आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

१५ सप्टेंबर

राहीने सगळं सांगितलं. जुलैपासून बाबल्याला माझ्या गाठी सैल दिसत होत्या. मी दवाखान्यात गेलो की तो माझ्या टोकाला बसून एकेक गाठ सोडवून परत मारायचा. मला कळू नये म्हणून माझ्यासारखीच मारायचा. राहीला म्हणाला होता, "वैनी, त्याला बोलू नको. गाठीवर त्याचा जीव हाय." मी याच वहीची मागची पानं काढली. ज्या गाठी सरकल्या त्या पोटाकडच्या. पोटाकडची जोडणी मी एकवीस ते चोवीस ऑगस्टला केली. तेव्हा बाबल्या बुरोंडीला नातू बघत होता.

लाज वाटते म्हणजे काय ते आज कळलं. अंगावरची कातडी काढून ठेवावीशी वाटते. रोगांची नावं लिहिली, अर्थ लिहिले, लोकांना शहाणं केलं, आणि माझ्या हाताला काय झालंय ते सगळ्या गावाला दिसलं, मला नाही. भीतीही वाटते. ती लपवत नाही. हात गेले तर मी कोण?

१६ सप्टेंबर

संध्याकाळी लिलावाला गेलो. महिपतच्या मासळीवर बोली चालू होती. मी मधे उभा राहिलो आणि ओरडून म्हटलं, थांबा. सगळे थांबले. म्हटलं, भगदाड माझ्या गाठींचं. बाबल्याचा त्यात धागासुद्धा नाही. इतके दिवस माझं काम तोच निस्तरत होता. माझ्या मानेत मज्जारज्जू दाबलाय. तो काय असतो ते कोणाला हवं असेल तर नंतर सांगतो. आणि मी बाबल्याला जे बोललो त्याबद्दल त्याच्या पाया पडतो.

पडायला वाकलो तर तोल गेला आणि थेट बांगड्यांच्या पाटीत बसलो. सगळा धक्का हसला. बाबल्याने दोन्ही काखांत हात घालून मला उठवलं आणि म्हणाला, "पुरे झालं. मासळी गरम होतेय." महिपतने तिथल्या तिथे त्याला कामावर परत घेतलं.

बाईंनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय. गणपती विसर्जन झालं की निघायचं. चिठ्ठीवरचे सगळे शब्द मला वाचता आले.

१३ ऑक्टोबर, मुंबई

हे अक्षर बाबल्याचं आहे. मी सांगतोय, तो लिहितोय. तो चौथीपर्यंत शिकलाय, त्यामुळे चुका त्याच्या. राही डबा आणायला तिच्या चुलतभावाकडे गेलीय.

आधी पाठीत सुई घालून औषध सोडलं आणि फोटो काढले. मानेत दोन ठिकाणी दाब निघाला. ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. मणक्याची मागची हाडं काढून दोराला जागा करून दिली. गळ्यात पट्टा आहे, त्यामुळे छताशिवाय काही दिसत नाही. छताला एक डाग आहे, त्याचा आकार पापलेटासारखा आहे. मोठ्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, जे गेलं ते सगळं परत येईल असं सांगत नाही, पण आता पुढे जाणार नाही. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे वाक्य चांगलं आहे, वहीत घालतो. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक मास्तर आहे, त्याला त्याचा आजार अजून कोणी समजावला नव्हता. मी समजावला. वायसर त्याला लगेच कळला.

आज सकाळी डॉक्टरांनी मूठ उघड-मीट करायला लावली. बाबल्याने मोठ्याने मोजलं. चौदा झाले. आधी अकरा होते. तीन वाढले! बाबल्या, हे नीट लिही. तीन वाढले.

खालचं मी बाबल्या माज्या मनानं लिवतोय. गुणाजी झोपलाय.

अकराच झाले. मोजताना सहा झाल्यावर मी येकदम दहा म्हटलं. डाक्टरनं माज्याकडं बघितलं पण तो काय बोलला नाय. गुणाजीला ऐकू गेलं नसेल असं नाय, त्याचे कान चांगले हायत. तो पण काय बोलला नाय. त्यानं छताकडं बघत माजा हात धरला आणि म्हणाला, चौदा लिही.